मोहरीच्या वाटीतला पेनड्राइव्ह

एका जंगलात एक वाघ होता. पण बाळांनो, त्याचं या गोष्टीत काही काम नाही. तो आपला झोपलेला बरा. आपली गोष्ट आहे नरहरपंत अस्वलाची.

नरहरपंत जंगलात मधतपासनीस होते. कुठल्या पोळ्यात किती मध आहे ते पाहायचं आणि चाखून शेरा लिहायचा, हे त्यांचं काम. तीस वर्षं त्यांनी ते मन लावून केलं. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांना शाल, नारळ आणि एक संगणक दिला. शाल बायकोने घेतली. नारळ त्यांनी तिथेच फोडून खाल्ला. राहिला संगणक.

आता निवृत्त प्राण्याच्या घरात संगणक आला की काय होतं? तो आत्मचरित्र लिहायला बसतो. औषध नाही त्याला.

नरहरपंतही बसले. एका नखाने एकेक अक्षर दाबत त्यांनी बारा प्रकरणं लिहिली. पुस्तकाचं नाव ठेवलं ‘चाटूनपुसून’. पहिली अकरा प्रकरणं अकरा शेजाऱ्यांवर होती. कोल्हेरावांवर एक होतं. ते जंगलातल्या प्रत्येक समारंभाचे अध्यक्ष असतात आणि प्रत्येक ठिकाणी तेच भाषण करतात, असं त्यात लिहिलं होतं. डुकरीणकाकूंवर एक होतं. त्या खवणी मागून नेतात आणि महिन्याने आपल्यालाच विचारतात, तुमच्याकडे खवणी आहे का हो? ससेबुवा डोळे मिटून भजन म्हणतात, म्हणून लोक उठून गेलेले त्यांना कळत नाही, हेही त्यांनी लिहिलं. सगळं खरं होतं. म्हणूनच ते लिहायला नको होतं.

बारावं प्रकरण बायकोवर होतं. तिचं नाव द्वारकाबाई.

हे बारावं प्रकरण नीट लक्षात ठेवा. नरहरपंतांनी चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचं तोंडाने कधी कौतुक केलं नव्हतं. पदार्थ आवडला तर ते ताट पुढे करायचे. फार आवडला तर दोनदा पुढे करायचे. त्यापलीकडे शब्द नाही. म्हणून त्यांनी ते सगळं मनातलं या प्रकरणात लिहिलं, आणि तिच्या तरुणपणापासूनचे चाळीस फोटो त्यात घातले.

“अगं, तुझ्यावर लिहिलंय मी,” ते एकदा म्हणाले. “पण आत्ता बघायचं नाही. माझ्या एकसष्टीला सगळ्यांसमोर वाचीन.”

“बरं,” द्वारकाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी त्याच दिवशी ट्रंकेतलं जांभळं लुगडं उन्हात घातलं. एकसष्टी मार्गशीर्षात होती आणि हा श्रावण चालला होता.

ओढ्यापलीकडे कासवअण्णा राहायचे. जंगलातले बिघडलेले संगणक तेच दुरुस्त करत. ते एकदा नरहरपंतांकडे चहाला आले. त्यांनी कळफलकाकडे पाहिलं. सगळी अक्षरं मधाने चिकट झाली होती आणि ‘क’वरून मुंग्यांची रांग ‘ख’कडे चालली होती.

“पंत, हे लक्षण बरं नाही,” कासवअण्णा म्हणाले. “जे लिहिलंय त्याची प्रत काढून दुसरीकडे ठेवा. हा घ्या पेनड्राइव्ह. यूएसबीच्या खाचेत घालायचा, प्रत उतरवायची, काढायचा. दोन असते तर दोन दिले असते. हा एकच आहे, म्हणून जपा. घराबाहेर जाऊ देऊ नका.”

नरहरपंतांनी बाराही प्रकरणं पेनड्राइव्हमध्ये उतरवली. मग तो कुठे ठेवावा याचा त्यांनी दोन दिवस विचार केला. शेवटी मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत ठेवला. त्या डब्यातली वस्तू कधी हरवत नाही, असा त्यांचा अनुभव होता. त्या रात्रीपासून ते गाढ झोपू लागले. पेनड्राइव्हचा तोच मोठा उपयोग असतो. आत काय आहे ते पुन्हा कोणी बघत नाही, पण झोप छान लागते.

आठ दिवसांनी डुकरीणकाकू आल्या.

“द्वारकाबाई, तुमच्याकडे तो पेनड्राइव्ह आलाय म्हणे. जरा देता का? बारशाचे फोटो बहिणीकडे पाठवायचेत. संध्याकाळी आणून देते.”

घराबाहेर जाऊ देऊ नका, असं कासवअण्णांनी सांगितलं होतं. पण ते नरहरपंतांना सांगितलं होतं. आणि नरहरपंत आत घोरत होते. दारात उभ्या असलेल्या शेजारणीला नाही कसं म्हणायचं? द्वारकाबाईंनी मोहरी झटकली आणि पेनड्राइव्ह दिला.

काकूंनी तो संध्याकाळी खरंच परत आणला. त्यात बारशाचे नऊ फोटो ठेवलेले होते.

“हे कशाला?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“अहो, रिकामा कसा परत करायचा?”

तुम्हाला हे ठाऊक असेलच. नसेल तर आईला विचारा. शेजारून भांडं आलं तर ते रिकामं परत करत नाहीत. तुम्ही वाटीभर शिरा पाठवा, वाटी दोन लिंबं घेऊन येते. तसंच पेनड्राइव्हचं झालं. त्यात आधीच बारा प्रकरणं आहेत, तो रिकामा नाहीच, हे कुणाच्या मनात आलं नाही. आपण काही घातलं नाही म्हणजे तो रिकामाच, असा हिशेब.

मग माकडीणवहिनी घेऊन गेल्या. परत आला तेव्हा त्यात कैरीच्या लोणच्याची कृती होती. कोल्हेराव घेऊन गेले. त्यांनी त्यात आपलं भाषण घातलं. असं करत तो अकराही घरी जाऊन आला.

आता पेनड्राइव्ह घरात आला आणि आत ‘डुकरीणकाकू’ असं नाव दिसलं, तर डुकरीणकाकू ते उघडणार नाहीत का? तुम्ही उघडलं नसतं? खोटं बोलू नका.

प्रत्येकाने आधी आपलं प्रकरण वाचलं. ते वाचून प्रत्येकाला ताप आला. मग बाकीच्यांची दहा वाचली. ती वाचून ताप उतरला. इतकं खरं, इतकं मार्मिक कोणी लिहिलंच नव्हतं, असं प्रत्येकाचं मत पडलं. मग प्रत्येकाने ती दहा प्रकरणं जपून आपल्या संगणकात उतरवून घेतली. स्वतःचं तेवढं घेतलं नाही.

बारावंही कुणी घेतलं नाही. चाळीस फोटोंमुळे ते जड होतं. शिवाय त्यात काय असणार? घरचं कौतुक. ते कोण वाचतो?

भाद्रपद उजाडेपर्यंत एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. आपण जसं बाकीच्यांचं वाचलं, तसं बाकीच्यांनी आपलंही वाचलं असणार. मग काय, सगळ्यांना पेनड्राइव्हची पुन्हा गरज पडली. डुकरीणकाकूंना दुसऱ्या बारशाचे फोटो पाठवायचे होते. माकडीणवहिनींना लोणच्याच्या कृतीत मीठ लिहायचं राहिलं होतं. पुन्हा अकरा घरी फेरी झाली. या फेरीत प्रत्येकाने पेनड्राइव्हमधलं आपापलं प्रकरण गुपचूप काढून टाकलं. आणि रिकाम्या झालेल्या जागी काहीतरी भेट ठेवली. रीत म्हणजे रीत.

सगळ्यांत शेवटी पेनड्राइव्ह ससेबुवांकडे होता. ते दुपारी मान खाली घालून दारात आले.

“काय झालं बुवा?”

“वहिनी, माझी बेचाळीस भजनं ठेवायची होती. पण यात जागाच नाही. रिकामा परत करायला जिवावर आलंय.”

द्वारकाबाईंना फार ओशाळल्यासारखं झालं. दारात आलेल्या माणसाने काही द्यावं आणि आपल्याकडे ते ठेवायला जागा नसावी, असं त्यांच्या घरात कधी झालं नव्हतं. त्यांनी पेनड्राइव्ह घेतला, आत जाऊन संगणकाला लावला. पुस्तकाकडे एकसष्टीपर्यंत बघायचं नाही असं कबूल केलं होतं, म्हणून एक डोळा मिटून घेतला. आत काय आहे आणि काय नाही, ते काही त्यांना दिसलं नाही. पण सगळ्यांत जड काय आहे, ते एका डोळ्यानेही दिसलं. बारावं प्रकरण. त्यावर त्यांचंच नाव होतं.

त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी ते काढून टाकलं.

मूळ प्रकरण संगणकात होतंच की. आणि गेली चाळीस वर्षं करपलेली पोळी त्या स्वतःच्या ताटात घेत होत्या, बसायला पाट कमी पडला की स्वतः जमिनीवर बसत होत्या. जागा कमी पडली की घरच्या बाईने उठायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. ससेबुवांची बेचाळीस भजनं आरामात मावली.

एकसष्टीला आठ दिवस राहिले आणि नरहरपंतांचा संगणक सुरू होईना. त्यांनी कळ दाबली, थोपटला, चाटून पाहिला. काही नाही. कासवअण्णांना निरोप गेला. अण्णा ताबडतोब निघाले आणि चौथ्या दिवशी पोचले.

त्यांनी संगणक उघडला. बराच वेळ आत पाहिलं. मग हळूच झाकण लावलं.

“पंत, हा आता संगणक नाही. वारूळ आहे.”

“म्हणजे?”

“तुमचा मध पाझरत आत गेला. मागून मुंग्या गेल्या. जिथे तुमचं पुस्तक होतं तिथे राणी मुंगी बाळंत झालीय. तिला उठवणं बरोबर नाही, आणि उठवून उपयोगही नाही.”

नरहरपंत मात्र हसले. “अण्णा, तुम्ही मला कच्चा समजलात. प्रत आहे माझ्याकडे.” आणि त्यांनी मिसळणाचा डबा उघडला.

कासवअण्णांचा स्वतःचा संगणक त्यांच्या पाठीवर बांधलेला असतो. त्याला पेनड्राइव्ह लावला. त्यातून दोन मोहऱ्या आणि हिंगाचा वास आला. मग पडद्यावर यादी आली. बारशाचे फोटो. आणखी एका बारशाचे फोटो. कैरीचं लोणचं. कैरीचं लोणचं, मीठ घालून. अध्यक्षीय भाषण. अध्यक्षीय भाषण, सुधारित. शेपटीचे व्यायाम. बेचाळीस भजनं.

पुस्तकाचं एक पान नाही.

नरहरपंत मटकन खाली बसले. घर हललं.

द्वारकाबाईंनी सगळं सांगितलं. कोण घेऊन गेलं, किती वेळा घेऊन गेलं, काहीच लपवलं नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्या ओठावर येऊन राहिली.

“शेजाऱ्यांना विचारून बघा,” कासवअण्णा म्हणाले.

“शेजाऱ्यांना? मी त्यांच्याबद्दल काय काय लिहिलंय, माहिती आहे? ते कशाला जपून ठेवतील?”

“विचारायला काय जातं?”

नरहरपंत मान खाली घालून कोल्हेरावांकडे गेले.

“छे छे,” कोल्हेराव म्हणाले. “दुसऱ्याचं लिखाण आम्ही उघडतसुद्धा नाही. तशी आपली शिकवणच नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “कुठलं हवंय? डुकरीणकाकूंचं? ससेबुवांचं? सगळी आहेत. काकूंच्या खवणीची वाक्यं मी लाल केलीत, चालेल ना?”

त्यांच्याकडे दहा प्रकरणं निघाली.

“आणि तुमच्यावरचं?”

“माझ्यावर होतं का काही? माझ्या नाही पाहण्यात.”

कोल्हेरावांचं प्रकरण डुकरीणकाकूंकडे मिळालं. त्यांनी ते दोन ठिकाणी ठेवलं होतं, न जाणो एक गेलं तर. म्हणजे दोन घरांत अकरा प्रकरणं पुरी झाली. पुढे बाकीच्या घरी मिळालेल्या प्रती तर आधीपेक्षा चांगल्या झाल्या होत्या. ससेबुवांनी सगळ्यांच्या प्रकरणातलं शुद्धलेखन तपासलं होतं. माकडीणवहिनींनी नरहरपंतांना न आठवलेले सात प्रसंग जोडले होते, तारखांसकट.

पण बारावं? त्यासाठी नरहरपंत उरलेल्या नऊ घरी गेले. पुन्हा एकदा कोल्हेरावांकडेही डोकावले. कुणाकडे नव्हतं.

“त्यात काय एवढं?” डुकरीणकाकू म्हणाल्या. “घरचंच तर होतं.”

नरहरपंत घरी आले. द्वारकाबाई चुलीपाशी बसल्या होत्या.

“बारावं कुठेच नाही गं. कुणी काढलं असेल?”

“मी काढलं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “बुवांच्या भजनांना जागा होत नव्हती.”

“वाचलंस तरी का?”

“तुम्ही नको म्हणाला होतात ना.”

बाळांनो, मला सहसा वाईट वाटत नाही. मला उलट दुसऱ्याची फजिती आवडते. पण इथे मला वाईट वाटलं. जांभळं लुगडं श्रावणापासून घडी घालून तयार होतं. आणि नरहरपंतांना त्या प्रकरणातलं पहिलं वाक्य सोडून काही आठवत नव्हतं. कोल्हेरावांच्या भाषणाची टर त्यांना झोपेतही पाठ होती. बायकोचं कौतुक मात्र सवयीचं नसल्यामुळे डोक्यात टिकलंच नाही.

त्यांनी कासवअण्णांचा संगणक मागून घेतला आणि तीन दिवस खाली मान घालून लिहिलं. या वेळी नख धुऊन बसले.

“झालं की आधी प्रत काढा,” कासवअण्णा म्हणाले. “आणि दोन काढा.”

नरहरपंतांनी खूप वेळ विचार केला. काय राहिलं आणि काय गेलं, ते त्यांनी आठवून पाहिलं. मग ते म्हणाले, “अण्णा, प्रतीची काळजी करू नका. व्यवस्था केलीय.” आणि त्यांनी शेवटच्या पानावर एक वाक्य वाढवलं. या वेळी फोटो नसल्यामुळे ते प्रकरण पेनड्राइव्हमध्ये सहज मावलं.

एकसष्टीला सगळं जंगल आलं. अध्यक्ष कोल्हेराव होते. त्यांनी भाषण केलं, ते सगळ्यांना पाठ होतं. मग नरहरपंतांनी पुस्तक वाचायला घेतलं. प्रत्येक जण दहा प्रकरणांना पोट धरून हसला आणि एका प्रकरणाला खोकला.

मग बारावं आलं. द्वारकाबाई जांभळं लुगडं नेसून पुढे बसल्या होत्या. अकरा पानं नुसतं कौतुक होतं. चुलीवरून उतरलेली पोळी आधी माझ्या ताटात येई, असं होतं. माझ्या तापात ती तीन दिवस निजली नाही आणि मी तिला कसं वाटतंय हेही विचारलं नाही, असं होतं. चौथ्या पानाला डुकरीणकाकूंनी जांभई दिली. सातव्या पानाला कोल्हेराव पंगतीकडे बघू लागले. द्वारकाबाई तेवढ्या खाली मान घालून ऐकत होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

आणि शेवटचं वाक्य आलं.

“दोष एकच. चाळीस वर्षांत हिचं थालीपीठ एकदाही गोल झालं नाही.”

सभा जागी झाली. “पुन्हा वाचा,” मागून कोणीतरी म्हणालं. माकडीणवहिनींनी पेनड्राइव्हसाठी तिथेच हात पुढे केला.

पण द्वारकाबाई आधी उठल्या. त्यांनी पेनड्राइव्ह घेतला, कमरेला खोचला. स्वयंपाकघरात गेल्या, भराभर थालीपिठं लावली, परातीत घेतली आणि घराबाहेर पडल्या. एकसष्टीचे पाहुणे घरी पोचायच्या आत त्या त्यांच्या दारात उभ्या होत्या.

“हे घ्या, आमच्या ह्यांनी काय लिहिलंय ते उतरवून घ्या. अकराच्या अकरा पानं घ्या, नुसतं शेवटचं नको, मागचं पुढचं कळायला हवं. आणि हे थालीपीठ. आता तुम्हीच सांगा, हे गोल नाही?”

गावभर, म्हणजे जंगलभर, त्या फिरल्या. अकरा घरांवर थांबल्या नाहीत. हरणांकडे गेल्या, मोरांकडे गेल्या, मुंगसांकडे गेल्या. दिवेलागणीपर्यंत बाराव्या प्रकरणाच्या त्रेसष्ट प्रती झाल्या. असं म्हणतात की एक वाघाकडेही आहे. त्याने झोपेतच ‘गोल आहे’ म्हणून सही केली.

परात घेऊन त्या परत आल्या. परात रिकामी नव्हती. लिंबं होती, चिंच होती, सुकी बोरं होती.

नरहरपंत ताट मांडून बसले होते. द्वारकाबाईंनी तवा ठेवला आणि त्यांच्या ताटात एक थालीपीठ टाकलं. त्याला चार कोपरे होते. पाचवाही असावा.

तव्याकडे बघत त्या म्हणाल्या, “बाकीची अकरा पानं बरी आहेत.”

नरहरपंतांनी थालीपीठ संपवलं आणि सवयीने ताट पुढे केलं.

“असं नाही,” द्वारकाबाई म्हणाल्या. “आधी तोंडाने.”

नरहरपंतांनी घसा साफ केला. इकडे तिकडे पाहिलं. जवळपास कोणी नव्हतं.

“छान झालंय,” ते म्हणाले.

मग त्यांना दुसरं मिळालं.

तात्पर्य: महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हमध्ये घालून जपून ठेवू नयेत. त्यांत शेजाऱ्यांची उणीदुणी लिहावीत आणि पेनड्राइव्ह उसना द्यावा, म्हणजे गावात त्या कायम सुरक्षित राहतात. कौतुकाची प्रत मात्र कोणी काढत नाही, तेव्हा त्यात थालीपिठाविषयी एक वाक्य न विसरता घालावं.